उताणा कोळी

माझ्या सुनेनं, प्राचीनं, काचेच्या पेटीत कोळी पाळला आहे. तळहाताएवढा, केसाळ. टॅरांट्युला म्हणतात त्याला. आमच्या जैन घरात मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करतात. याला खायला जिवंत रातकिडे लागतात हे कळलं तेव्हा मी सांगितलं, पाळ, पण त्यात माझा हात नाही. ती म्हणाली, तुमचा हात मागणारच नाही.

चातुर्मासात ती कॉलेजच्या कामाला पुण्याला गेली. जाताना पेटीत एक रातकिडा सोडून गेली. कोळ्यानं तो खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर कोळी उताणा, आठही पाय वर. मेला समजून मी णमोकार मंत्र म्हटला आणि मुलाला, सम्मेदला हाक मारली. तो दारातूनच म्हणाला, "गेलं. सुपलीत भरून टाकूया." पण पेटीजवळ जायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्यानं आधी बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला.

प्राची म्हणाली, मेला नाही, कात टाकतोय. सरळ करायला जाऊ नका, पाय तुटतील. मग तिनं रातकिडा कुठं आहे ते विचारलं. मी वाकून पाहिलं. तो कोळ्याच्या पायाशीच होता.

"आई, तेवढा काढा. कातीखालचं अंग लोण्यागत मऊ असतंय. कुरतडून मारंल त्याला."

"काल ह्यो त्याला खाणार हुता की."

"आज उलटं हाय."

"सम्मेदला सांगते."

"त्यांच्यानं न्हाय व्हायचं. तुम्हीच काढा."

सम्मेद तोवर बाहेर जाऊन चप्पल घालत होता.

मी रातकिड्यावर वाटी पालथी घातली, खालून लग्नाची पत्रिका सरकवली आणि तसाच अंगणात नेला. जास्वंदीच्या बुडाशी सोडला. त्यानं दोन उड्या मारल्या. तारेवरची साळुंकी खाली आली, त्याला चोचीत धरून गेली.

मी आत येऊन पेटीपुढं बसले. बराच वेळ काही हललं नाही. मग पाठीचं कवच झाकणासारखं उचकटलं आणि कोळी त्यातून स्वतःला ओढून काढू लागला. थोडं ओढायचा, थांबायचा. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे पाय निघाले. शेवटी जुना कोळी एकीकडे आणि नवा एकीकडे, दोन्ही सारखेच दिसत होते. नव्याचे दात पांढरे होते.

प्राचीचा पुन्हा फोन आला. कोळी धड आहे ऐकून तिनं हुश्श केलं. मग रातकिड्याचं विचारलं.

"साळुंकीनं नेला."

ती म्हणाली, तुम्ही त्याला वाचवायला गेला होता, तुम्हाला दोष नाही.

"त्याला वाचवाय न्हाय काढला," मी म्हटलं. "कोळी मरंल म्हणून काढला."

दात काळे झाल्यावर, आठवड्यानं, कोळ्याला पुन्हा खायला लागेल एवढं तिनं सांगितलं. मी बरं म्हटलं.

दिवस मावळायच्या आत आमच्यात जेवतात. सम्मेदनं पानं घेतली होती. मी त्याला एकट्यालाच बसायला सांगितलं. का, म्हणून त्यानं विचारलं. एक जीव मी दुसऱ्यासाठी बाहेर काढून टाकला होता, त्याचं प्रायश्चित्त म्हणून आजचं जेवण सोडलंय, असं मी सांगितलं. रातकिड्यासाठी उपास करणारी तूच पहिली, असं म्हणून त्यानं भाकरी मोडली.