तेलीबागेतल्या आसरा

नेत्रा जगतापला बँकेत सगळे वचकून असायचे. आधार कार्डावरचा पत्ता जुना निघाला तर ती नगरसेवकालाही उद्या या म्हणायची. अशी बाई पऱ्यांवर विश्वास ठेवते असं कुणी सांगितलं असतं, तर शाखेतल्या लोकांनी आधी पऱ्यांचं ओळखपत्र मागितलं असतं. पण ती ठेवत होती. निदान त्या हिवाळ्यात तरी.

पऱ्यांशी तिची गाठ घालून दिली चेतनाने. लखनौच्या निशातगंज भागात स्पर्धा परीक्षांचा एक क्लास होता, त्याच्या वरच्या मजल्यावर चेतना ‘परीलोक मार्गदर्शन’ करायची. खाली पोरं व्हाइसरॉयची नावं घोकत असायची आणि वर बायका डोळे मिटून अदृश्य दारं उघडायच्या. नेत्रा दर शनिवारी बँकेतून परस्पर तिकडे जायची. घरी सांगायची, ऑडिट चाललंय.

सांगायचं तरी कुणाला? नवरा, सौरभ, पंप बनवणाऱ्या कंपनीत होता आणि महिन्यातले बहुतेक दिवस गोरखपूर-देवरियाकडे पंप विकत फिरत असायचा. घरात होत्या फक्त त्याच्या आई, लीलावतीबाई. वाईजवळच्या कृष्णाकाठच्या गावात त्या नवऱ्यामागे एकट्या राहत होत्या. दिवाळीत गुडघा धरला, तेव्हा सौरभने त्यांना तेलीबागेतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं.

जानेवारीत एका शनिवारी नेत्रा ‘ऑडिट’वरून आली ती हातात मोठी मातीची परात घेऊन. परातीत शेवाळ होतं, बोटभर लांबीचं लाकडी दार होतं, पंखवाल्या तीन पऱ्या होत्या, लाल टोपीतला एक दाढीवाला बुटका आणि एक इवलीशी वाटी. बाल्कनीतल्या स्टुलावर तिने ती परात अशी अलगद ठेवली, की लीलावतीबाईंना वाटलं दही लावलंय.

“ह्या कोण गं?”

“फेअरीज, आई. ही परीबाग आहे. इथं झाडू मारायचा नाही. लोखंड आणायचं नाही. जोरात बोलायचं नाही.”

लीलावतीबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. “आसरा म्हण की.”

“आसरा नाहीत. त्या गावाकडच्या... भुताखेतातल्या. ह्या एनर्जी असतात.”

“बरं. आणि त्या वाटीत काय?”

“दूध आणि मध. त्यांच्यासाठी.”

“एनर्जीला मध लागतो होय?” म्हणून लीलावतीबाई आत भाजी चिरायला गेल्या.

लीलावतीबाई आसरा मानायच्या. म्हणजे शेजारी मानतो तशा. त्या असतात, पाण्याच्या कडेला राहतात, त्यांच्याशी नीट वागावं आणि त्यांना डोक्यावर बसू देऊ नये. गावच्या डोहावर त्यांचे शेंदूर फासलेले सात दगड होते. लीलावतीबाई त्यांना दहीभात द्यायच्या, हिरव्या बांगड्या द्यायच्या, आणि पाऊस लांबला तर चार शब्द सुनवायच्याही. त्यामुळे सुनेने घरात पऱ्या आणल्या याचं त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढ्याचंच, की तिघीच का? उरलेल्या चौघी कुठं राहिल्या?

सोमवारी नेत्रा बँकेत गेल्यावर त्या ई-रिक्षा करून शारदा कालव्यावर गेल्या आणि चार गुळगुळीत दगड घेऊन आल्या. पऱ्यांचे पाय मांडीपर्यंत उघडे होते आणि बाहेर धुक्यात समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती. “गारठतील मेल्या,” म्हणत त्यांनी ओटीत आलेला एक हिरवा खण कापला आणि तिघींना परकर शिवले. चार दगडांना शेंदूर लावला. दाढीवाल्यापाशी त्या जरा थबकल्या, मग त्यालाही लावला. आसरांबरोबर त्यांचा भाऊ म्हसोबा असतोच. ह्याला दाढी होती, टोपी होती, पण कपाळ मोकळं होतं.

संध्याकाळी नेत्रा बाल्कनीत गेली आणि तिथूनच ओरडली, परीबागेतला तिसरा नियम विसरून.

“आई! हे काय केलंत?”

“काही नाही. माणसांत आणल्या.”

“तो नोम आहे! तो बागेचा रक्षक असतो!”

“तेच म्हणतेय मी. म्हसोबा.”

नेत्राने परकर काढायला हात पुढे केला, पण ते इतके नीट बसले होते, बारीक टीप घातलेले, की तिला ते ओढवेनात. त्या दिवसापासून आसरांना दोन घरचा पाहुणचार मिळू लागला. सकाळी मध, दुपारी दहीभात.

पहिल्या आल्या त्या मुंग्या. परातीतून भिंतीवर, भिंतीवरून खाली, आणि तिथून थेट खालच्या मजल्यावरच्या शुक्लांच्या बायकोच्या, शुक्लाइनच्या, साखरेच्या डब्यात. शुक्लाइन पाय आपटत भांडायला वर आली. लीलावतीबाईंनी तिला मुकाट्याने बाल्कनीत नेलं. शेंदूर आणि हिरवे परकर बघून शुक्लाइनने भांडण अर्ध्यात सोडलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“ये तो परी माता हैं, अम्माजी! आपने बताया नहीं?”

“बतानेका क्या, बैठी है बिचारी,” लीलावतीबाई म्हणाल्या.

शुक्लाइनचा मुलगा विपिन झाशीला नोकरीत होता आणि त्याची लखनौला बदली व्हावी म्हणून तिने शहरातला एकही देव सोडला नव्हता. आता तिला सात देव एका जागी मिळाले. ती रोज बताशे घेऊन वर येऊ लागली. मुंग्यांची तक्रार तिने आपणच मागे घेतली.

आणि मग चेतना आली. गृहभेटीला. नेत्राने हाफ डे घेतला होता. चेतना जांभळ्या शालीत आली, पितळी वाडग्यावर लाकडी दांडा फिरवत तिने घरभर आवाज केला, बाल्कनीत पोचली आणि तिथं तिचा हात थांबला.

तिचा एक गुण मान्य करायला हवा. ती भामटी नव्हती. जे विकायची ते स्वतः आधी गिळलेलं असायचं. परकरातल्या पऱ्या पाहून तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

“ये किसने किया? परियाँ घुट रही हैं, नेत्राजी! पोर्टल बंद हो गया है.” ती वळली. “इस घर में किसी की एनर्जी बहुत भारी है.”

“मेरीच होगी,” लीलावतीबाई म्हणाल्या. “डॉक्टर ने भी बोला है, कम करो.”

चेतनाने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती नेत्राचे हात धरून म्हणाली, “मैंने कहा था ना, वो नन्ही रूह दरवाज़े तक आ चुकी है? अब लौट गई. इन्हें कुछ दिन कहीं और भेज दीजिए. वरना आपकी बच्ची कैसे आएगी?”

लीलावतीबाईंना हिंदी धड बोलता येत नव्हतं, पण कळायचं सगळं.

“कुणाची बच्ची? नेत्रा, काय म्हणते ही?”

चेतनाच म्हणाली, “इनकी बेटी. पाँचवें महीने में चली गई थी, बारिश में. परियाँ उसी को वापस ला रही थीं.”

लीलावतीबाई भिंतीला टेकल्या. ऑगस्टमध्ये सौरभचा फोन आला होता. नेत्राला ॲडमिट केलंय, जरा इन्फेक्शन आहे, तू येऊ नकोस. त्यांनी नेत्राला फोनवर आल्याचा काढा घ्यायला सांगितलं होतं. आलं किसून की ठेचून, यावर त्या बराच वेळ बोलल्याही होत्या. दिवस गेल्याचंच कुणी कळवलं नव्हतं, गेलेलं कोण कळवणार?

त्यांनी चेतनाला विचारलं, “पक्का वापस लाएगी? तेरी परियाँ?”

“विश्वास चाहिए, अम्माजी. सेशन चलते रहें तो ज़रूर.”

“कधी? कब?”

“अब ये तो परियों पर है.”

लीलावतीबाईंनी अंबाड्याचा आकडा काढला. केस मोकळे सोडले. मग बाल्कनीच्या दारात, सुजलेल्या गुडघ्यावर, मांडी घालून बसल्या आणि घुमायला लागल्या.

नेत्राने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. चेतनाने तर कुणालाच पाहिलं नव्हतं. तिच्या परीलोकात सगळं मंद संगीत लावून चालायचं. इथं एक धिप्पाड म्हातारी गर्रकन मान फिरवत होती आणि तिच्या छातीतून भलताच जाड आवाज येत होता.

“किसने बोला हम वापस लाते? हमने बोला? कब बोला?”

चेतनाच्या हातातला वाडगा खाली पडून ठणठणत राहिला.

“क... कौन हैं आप?”

“सात बहनें! हमारे नाम पे दुकान लगाया और पूछती कौन?”

चेतना गुडघ्यांवर आली. “ग़लती हो गई, माता.”

“इस लडकी को झूठ नही बोलनेका! जो गया, वो गया. हम किसी को वापस नही देते!”

नेमकी त्याच वेळी शुक्लाइन बताशे घेऊन दारात आली. क्षणभरच बिचकली, मग चपला काढून सरळ पुढे आली. “माता, हमारे विपिन का ट्रांसफ़र...”

“लाइन में बैठ!” माता गरजली.

शुक्लाइन बसली. चेतना मात्र उठली, हात जोडलेले तसेच ठेवून उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली, आणि जिन्यावर तिची पावलं भराभर वाजत खाली गेली. वाडगा इथंच राहिला. लीलावतीबाईंनी केस आवळून बांधले, शुक्लाइनला “बाद में आना, अभी थक गए,” असं सांगून वाटेला लावलं, आणि नेत्राकडे पाणी मागितलं.

नेत्राने पाणी आणलं. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं, आणि मग ते हसू राहिलं नाही. ती तिथंच फरशीवर बसून हुंदके द्यायला लागली. लीलावतीबाईंनी तिला जवळ ओढलं. गुडघा दुखत होता, पण त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने नेत्रा म्हणाली, “तुम्ही फोनवर विचारलंत, ताप उतरला का. मी हो म्हटलं. मग पुढे काय सांगायचं होतं?”

“मीही गाढवच. काढ्याचं लावून धरलं.”

“आई, खरंच आलं होतं अंगात?”

“सुरुवातीला नव्हतं,” लीलावतीबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “पण ‘वापस नही देते’ म्हणाले ना, तेव्हा माझी मीच घाबरले. ते कुठनं आलं कुणास ठाऊक.”

नेत्राने नाक पुसलं. “आसरा लहान मुलांना नेतात म्हणतात. नेल्यावर सांभाळतात का?”

खोटं बोलणं सोपं होतं. पोरगी समोर बसली होती, काहीही सांगितलं असतं तरी तिने घेतलं असतं.

“मी काय तिकडं जाऊन बघितलं नाही बाई,” लीलावतीबाई म्हणाल्या. “पण सात बायका आहेत. एकीला तरी जमत असेल.”

नेत्राला त्यावर पुन्हा रडू आलं, पण आता ते वेगळं होतं. नंतर तिने भात लावला, दोघींनी पिठलं-भात खाल्ला आणि नेत्रा दुपारभर झोपली. पुढच्या शनिवारी ती निशातगंजला गेली नाही. चेतनाचा मेसेज आला, मातांच्या दर्शनाला येऊ का म्हणून. नेत्राने नको म्हणून कळवलं आणि वाडगा कुरिअरने पाठवून दिला.

चेतना पळाली त्याच रात्री लीलावतीबाईंनी सौरभला फोन लावला होता.

“पंप तिथंच ठेव आणि घरी ये.”

“आई, टार्गेट आहे...”

“मला सगळं कळलंय, सौरभ.”

पलीकडे कुठल्याशा ढाब्यावरचा टीव्ही ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “मला घरी यायची भीती वाटते, आई. ती काही बोलत नाही. मी काय बोलू?”

“तू आधी ये तर. न बोलायचं असेल तर दोघं मिळून गप्प बसा.”

तो रविवारी पहाटेच्या गाडीने आला. आदल्या दिवशी शुक्लाइन परात आपल्या घरी घेऊन गेली होती. मागून, हट्ट करून, वाजतगाजत म्हणता येईल इतपत थाळी बडवत. विपिनची बदली झाली, पण लखनौला नाही, झाशी-लखनौच्या मधल्या कानपूरला. माता वाटेत आहेत, असं शुक्लाइनचं म्हणणं पडलं.

सौरभने बूटही काढले नव्हते तोच लीलावतीबाईंनी शाल गुंडाळली. “मी आणि शुक्लाइन चौकात चाललोय. मक्खन मलाई खायला. उशीर होईल.”

“आई, तुझा गुडघा...”

“गुडघ्याने थोडीच खायचीय?”

चौकात, जुन्या लखनौच्या बाजारात, गर्दी होती. धुकं वितळत होतं. हातगाडीवर पिवळ्या फेसाचे डोंगर रचलेले होते, आणि तो फेस तोंडात घालताच नाहीसा व्हायचा. लीलावतीबाईंना ते फसवणुकीसारखं वाटलं, तरी त्यांनी आणखी एक द्रोण घेतला. मग शुक्लाइनने त्यांना चिकनकारीच्या दुकानांतून फिरवलं, एकही कुर्ता न घेता सगळे खाली काढायला लावले, आणि दोघी दमून ई-रिक्षात बसल्या. वाटेत शुक्लाइन दोघींच्या वाटचं बोलत होती.

घरी आल्या तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं. बैठकीत पांघरुणाचा ढीग होता आणि त्यात दोघं झोपली होती. नेत्राचं डोकं सौरभच्या दंडावर होतं, दोघांच्याही पापण्या सुजल्या होत्या. सौरभ तोंड उघडं टाकून घोरत होता. टेबलावर चहाचे दोन कप गार पडलेले होते, आणि शेजारी दवाखान्यातला सोनोग्राफीचा काळा फोटो, ज्यात आई-बापाखेरीज कुणाला काही दिसत नाही.

लीलावतीबाईंनी तो उचलून खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला, उलटा-सुलटा करून. मग होता तिथंच ठेवला, चहाचे कप उचलले आणि आवाज न करता आत जाऊन कणीक मळायला घेतली. तीन माणसांची.