रिकाम्या पेल्याचा वास

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. काचेचा, उंच दांड्याचा, पोट गोल आणि तोंड जरासे आवळलेले. नव्या पेल्यांच्या रांगेत उभा राहिलो तर मी थोडा बुटका आणि जाडजूडच दिसतो. माझ्या तळात मोहरीएवढा हवेचा एक बुडबुडा आहे. माझी सगळी ओळख त्या बुडबुड्यात आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

माझे आयुष्य रेड वाईनच्या सहवासात गेले. तुमच्यातले जे लहान आहेत त्यांनी बिचकू नये. ही गोष्ट पिण्याची नाही, वास घेण्याची आहे. माझ्या मालकीणबाई तर तोंडातला घोट गिळतसुद्धा नसत. घोळवून घोळवून शेवटी शेजारच्या भांड्यात टाकून देत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला फार वाईट वाटले होते. वाटले, आवडली नसेल.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. काच फुंकणाऱ्या कारागिराने लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतला, गाल फुगवले, आणि नेमका त्याच क्षणी त्याला खोकला आला. तोच हा बुडबुडा. मुकादमाने मला उचलून बाजूला ठेवले. बाजूला ठेवलेल्यांचे पुढे काय होते ते मला समोरच दिसत होते: आधी तुकडे, मग पुन्हा भट्टी. तेवढ्यात एक तरुण बाई पेले घ्यायला आल्या. त्यांनी सहा पेले निवडले आणि त्यांत मलाही धरले.

"बाई, तो डागी आहे," मुकादम म्हणाला.

"असू दे की. गर्दीत माझा कुठला ते मला लगेच कळेल."

त्या बाई म्हणजे आत्या. त्यांच्या धाकट्या भावाचे वाईनचे दुकान होते. त्या भावाला सगळे भाऊच म्हणत. भाऊंची मुलगी बाईंना आत्या म्हणे, मग गिऱ्हाईकेही म्हणू लागली, त्यांच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा. दुकानामागे एक खोली होती. तिथे लांब टेबल, त्यावर पांढरी चादर आणि खिडकीशी आत्यांची खुर्ची. दुकानात कोणती वाईन ठेवायची आणि कोणती परत पाठवायची, हे त्या खुर्चीत ठरत असे. भाऊ हिशेबात पक्के होते, पण नाकाच्या बाबतीत त्यांनी बहिणीपुढे कधीच हात टेकले होते.

आत्यांची एक शिस्त होती. मला ऊन पाण्याने त्या स्वतः धुवायच्या, साबणाशिवाय. मग फडक्याने पुसून मला उताणा ठेवायच्या, म्हणजे तोंड वर. आणि वाईन ओतण्यापूर्वी, हे मात्र नीट ऐका, रिकाम्या पेल्याचा वास घ्यायच्या. नाक आत घालून, डोळे मिटून. कुठलाच वास आला नाही की म्हणायच्या, "छान." मगच बाटली कलती व्हायची. माझी पाच भावंडे वर्षांमागून वर्षे फुटत गेली. कुणी मोरीत गेले, तर कुणी गप्पांच्या भरात एका पाहुण्याच्या कोपराचा मान राखला. मी उरलो, कारण मला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, त्या खोलीत एक खेळ होई. स्पेनमध्ये एक काळे द्राक्ष असते, टेंप्रानिलो नावाचे. इतर द्राक्षांआधी पिकते म्हणून तिकडच्या भाषेत त्याला असे नाव पडले, असे आत्या सांगत. हे द्राक्ष मोठे गमतीचे. माहेरी एक नाव आणि सासरी दुसरे, तसे प्रांत बदलला की त्याचे नाव बदलते आणि वागणेही. भाऊ या एकाच द्राक्षाच्या पाच वाईन आणत. एक अगदी कोवळी, लाकडाचे तोंडही न पाहिलेली, स्टीलच्या टाकीतली. एक ओकच्या लाकडी पिंपात थोडा काळ राहिलेली. एक पिंपात आणि बाटलीत मिळून कित्येक वर्षे मुरलेली. एक उंच पठारावरची, जिथे दिवसा ऊन आणि रात्री गारठा असतो. आणि एक रखरखीत प्रांतातली, दांडगी. पाचही बाटल्यांना कापडी पिशव्या चढवायच्या आणि कोणती कुठली हे आत्यांनी ओळखायचे. नेहमीचे पाहुणे भोवती बसत.

मला तो दिवस फार आवडे. आत्या मला तिसरा हिस्साच भरत. पांढऱ्या चादरीवर तिरपा धरून कडेचा रंग बघत: कोवळी असली तर जांभळट, मुरलेली असली तर विटकरी. मग मला गोल गोल फिरवत. वाईन माझ्या अंगावर चढे आणि हळूहळू उतरे. मग नाक.

"चेरी. आणि ओली माती," आत्या म्हणत. किंवा, "सुकं अंजीर. जुनी चामड्याची पिशवी. हिने पिंपात बरेच दिवस काढलेत बरं का."

पाहुण्यांत एक घड्याळजी होते. तेही तसेच नाक खुपसून खूप वेळ विचार केल्यासारखे करत आणि म्हणत, "मला तर बुवा द्राक्षाचा वास येतोय." दरवर्षी हाच विनोद होई. तरी दरवर्षी सगळे हसत, आणि सर्वांत आधी आत्या.

मित्रांनो, दिवस सारखे नसतात. एका हिवाळ्यात आत्यांना जबर ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, कशाचाच नाही. आठवड्यामागून आठवडे गेले. तोवर भाऊंची मुलगी दुकान बघू लागली होती. ती आता दोन लेकरांची आई होती आणि आत्यांच्या हाताखाली बरेच शिकली होती. आत्या बऱ्या होऊन येतील तेव्हा त्यांना आनंद व्हावा, म्हणून तिने खोलीतले जुने कपाट सुताराकडून पॉलिश करून घेतले. आणि माझ्यावर धूळ बसू नये म्हणून मला त्यात ठेवून दिले. पालथा.

तिने हे मायेने केले, हे मला ठाऊक आहे. पण पॉलिश अजून ओले होते. जवसाचे तेल, मेण आणि टर्पेंटाइन यांचा दर्प त्या बंद कपाटात कोंडला आणि माझ्या पोटात शिरला. काचेला वास लागत नाही असे लोक म्हणतात. त्यांना एकदा पालथे घालून कपाटात ठेवले पाहिजे. माझ्या अंगावर तेलकट पापुद्रा धरला. मी अंधारात उभा होतो, खरे तर डोक्यावर, आणि कुणाला सांगणार?

एके दिवशी दाराआडून आत्यांचा आवाज आला. किती बरे वाटले!

"थोडं थोडं कळायला लागलंय असं वाटतं," त्या भाऊंना सांगत होत्या. "पण वाटतंय म्हणून गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. या रविवारी खेळ ठेव. पाचही ओळखल्या तर खुर्चीत बसेन. नाही तर खुर्ची पोरीची."

"ताई, इतकं टोकाला कशाला जातेस?"

"माझ्या शब्दावर लोक बाटली घेतात रे. नाक नसताना त्या खुर्चीत बसले तर ती फसवणूक झाली."

रविवार आला. भाचीने मला बाहेर काढले, गार पाण्यात बुडवले आणि पुसून टेबलावर ठेवले. गार पाण्याने तेल निघते का? पण ऊन पाण्याने धुणे आणि वास घेणे हे आत्यांचे काम, ते त्या करतीलच, असे तिने धरले होते. मीही धरले होते. आत्या आल्या. त्यांनी मला उचलले, नाकाजवळ नेले. आता कळणार, मी मनात म्हटले. पण त्यांचा हात थबकला. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वास न घेताच मला सरळ टेबलावर ठेवले.

"ओत," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

पहिल्या पिशवीतली वाईन माझ्यात आली. आत्यांनी मला तिरपा केला. "रंग तर कोवळा आहे," त्या पुटपुटल्या. मग नाक घातले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "लाकूड. भरपूर लाकूड, आणि मेण. ही मुरलेली आहे. रखरखीत प्रांतातल्या कधी कधी म्हाताऱ्या झाल्या तरी रंग सोडत नाहीत, तशातली असेल." दुसरीतही लाकूड, तिसरीतही लाकूड. चौथ्या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला. पाचवी हुंगून त्यांनी मला नुसते खाली ठेवले.

भाऊंनी पहिल्या बाटलीची पिशवी काढली. त्यांना ती काढावीशी वाटत नव्हती, हे त्यांच्या बोटांवरून कळत होते.

"ताई, ही कोवळी. टाकीतली. हिनं पिंप पाहिलेलंच नाही."

बाकीच्यांच्या हातांत नवे, टांगून ठेवलेले पेले होते. त्यांना त्या वाईनमध्ये लाकूड लागलेच नव्हते. घड्याळजी एरवी गप्प बसणारे नव्हते, पण त्यांनीही चष्मा काढून पुसायला घेतला. माझा जीव तीळतीळ तुटत होता. लाकूड वाईनमध्ये नाही हो, माझ्यात आहे! पण पेल्याला तोंड असले तरी वाचा नसते.

"बरं," आत्या म्हणाल्या. त्या हसल्यासुद्धा. त्यांनी आपले पांढरे फडके घडी करून भाचीच्या हातात दिले. "खुर्ची तुझी." आणि त्या जिना चढून वर आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची एकटीच आवरत होती. डोळे सुजलेले. तिने मला हातात घेतले आणि आत्यांनी शिकवलेल्या सवयीने, काही मनात न आणता, माझ्यात नाक घातले.

ती तशीच उभी राहिली. पुन्हा वास घेतला. मग कपाटाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मला हातात धरून जिना असा चढली की मला वाटले, आज सहाव्या भावंडाचीही पाळी आली.

आत्या खिडकीशी बसल्या होत्या. समोर कॉफी निवली होती.

"आत्या, याचा वास घे."

"अगं, रिकामा पेला आहे तो. त्यात काय यायचंय?"

"काल का नाही घेतलास? तू तर कधी चुकवत नाहीस."

आत्यांनी निवलेली कॉफी बाजूला सारली.

"घाबरले गं," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पेल्याला वास नसतो. आणि गेलेल्या नाकालाही काही येत नाही. काही आलं नसतं, तर पेला स्वच्छ आहे म्हणून, की मी संपले म्हणून? मला कसं कळणार होतं? ते कळून घ्यायची हिंमत झाली नाही."

"आता घे. माझ्यासाठी."

त्यांनी मला घेतले. डोळे मिटून त्यांनी नाक आत घातले. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

"अगं बाई!" आत्यांनी झटकन मान मागे घेतली. "कपाट आहे हे! जवसाचं तेल, मेण... आणि सुतारानं टर्पेंटाइन किती ओतलंय गं मेल्यानं!"

बोलता बोलता त्या थांबल्या. आपण काय काय ओळखले ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्याच वेळी त्या हसू लागल्या. भाची तर रडतच होती. "मीच ठेवला गं पालथा. धूळ बसू नये म्हणून." आत्यांनी तिला जवळ ओढले. "वेडी कुठली! रडतेस काय? नाक शाबूत आहे माझं!"

त्या सकाळी मला ऊन पाण्याने न्हाऊ घातले, पुन्हा पुन्हा. आत्यांनी रिकाम्या पेल्याचा वास घेतला. "छान." काल उरलेल्या बाटल्या बूच लावून ठेवलेल्या होत्याच. भाऊंनी त्यांना पुन्हा पिशव्या चढवल्या आणि क्रम बदलला. टेबलाशी तिघेच होते. आत्यांनी मुरलेली झटक्यात ओळखली. दांडगी ओळखली. पठारावरची आणि थोडी पिंपात राहिलेली यांत अडखळल्या, दोघींकडे परत परत गेल्या, आणि मग बरोबर सांगितल्या. शेवटी कोवळी राहिली. नाक घालून त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या.

"काय येतंय, ताई?" भाऊंनी न राहवून विचारले.

"मला तर बुवा," आत्या म्हणाल्या, "द्राक्षाचा वास येतोय."

मित्रांनो, आता मी खिडकीजवळच्या फळीवर उताणा उभा असतो. माझ्या कडेला एक टवका उडाला आहे, म्हणून पाहुण्यांसमोर मला क्वचितच नेतात. त्या खुर्चीत एक दिवस आत्या बसतात, एक दिवस भाची. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे, की जुन्या वस्तू जपा, पण बंद कपाटात कोंडून नव्हे. त्यांना हातात घ्या, धुवा, वापरा. आणि आपले काही बिघडले असे वाटले, तर स्वतःला बोल लावण्याआधी एकदा हातातल्या पेल्याचा वास घेऊन बघा.

दुकान उघडले की आत्या आजही आधी माझ्याकडे येतात. मला उचलतात, डोळे मिटतात, नाक आत घालतात. कुठलाच वास येत नाही. पण आता त्याची त्यांना भीती वाटत नाही.

"छान," त्या म्हणतात.