भिंतीपलीकडच्या चिमण्या

खुब्याचं हाड मोडून मोठ्या जाऊबाई दवाखान्यात निघाल्या, तेव्हा जाता जाता एकच काम सांगून गेल्या, "माझ्या चिमण्यांना दाणे टाकत जा गं."

आमच्या दोन घरांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. रोज वळसा घालून त्यांच्या खिडकीखाली कोण जाणार? मी त्यांची दाण्यांची थाळी उचलून माझ्याच अंगणात ठेवली. पाखरांना काय, अलीकडे काय नि पलीकडे काय!

पहिल्या दिवशी चारच आल्या. महिन्याभरात तीस-पस्तीस, वर बुलबुलांची जोडी. मी ह्यांना ऐटीत म्हटलं, "आपलं अंगण मानवलं बरं का पाखरांना!" तोंडानं नाम घ्यायचं, मुठीनं दाणे उधळायचे. केवढं पुण्य पदरात पडतंय असं वाटायचं.

जाऊबाई घरी आल्या. थाळी मी परत दिली नाही. उद्या देऊ, परवा देऊ.

काल फिजिओथेरपीवालीनं मला फाटकातच गाठलं. "आजी पाय जमिनीला लावू देत नाहीत. असंच चाललं तर कायमच्या अंथरुणात राहतील."

आत गेले. जाऊबाई खिडकीकडे तोंड करून पडलेल्या.

"असा काय हट्ट करायचा, जाऊबाई?"

"एक चिमणी फिरकत नाही बघ. त्यांना आधी कळतं, घरातलं कोण निघालंय ते. आता चालायला शिकून जायचंय कुठं?"

भिंतीपलीकडचा चिवचिवाट मला ऐकू येत होता. त्यांच्या थकल्या कानांना तो पोचत नव्हता.

"जाऊबाई, त्या मी नेल्या. थाळी माझ्याकडे आहे. तुम्ही गेलात त्या दिवसापासून."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "दवाखान्यातून रोज फोनवर विचारायचे, खाल्लं का गं चिमण्यांनी? तू हो म्हणायचीस."

"खाल्लं तर होतंच..."

"म्हणजे मी मरत नाहीये! भामटे, जितेपणी मारलंस की मला!"

"आत्ता आणते थाळी."

"आणशील. त्या काय तुझ्या मागोमाग येणारेत? सवय लागली त्यांना तिकडची. धर मला. मीच येते बघायला."

वॉकर पुढं सरकवत त्या सहा पावलं चालल्या. ओठ घट्ट मिटलेले, बोटं माझ्या दंडात रुतलेली. दारातल्या खुर्चीवर त्यांना बसवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"गप. दम खाऊ दे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा हात पुढं केला, "चल."