ल्युबिन्काच्या कबरीवरची गर्दी

त्या रविवारी माझ्या बायकोच्या कबरीभोवती दीडशे माणसं होती. गेल्या वर्षी तिला पुरलं तेव्हा चाळीससुद्धा नव्हती. शेजारच्या गावाहून बस भरून आली होती. एक म्हातारी कबरीवरची माती रुमालात बांधत होती.

आदल्या दिवशी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ल्युबिन्काची भाची नेवेना गायली होती. निवेदक म्हणाला होता, "ही मुलगी मुकी होती! मरताना मावशीनं तिच्या गळ्यावर हात ठेवला, आणि आज ऐका हा आवाज!" सभागृह ढसाढसा रडलं. आमचं अख्खं ग्राबोव्हाक गाव रडलं.

"राडिसाव, तुझी बायको संत होती रे," शेजारचा मिलोराद म्हणाला.

"संत? सूप खारट झालं तरी शिव्या मलाच द्यायची."

"तुला ओळखताच आलं नाही तिला."

"अरे, नेवेना तुझ्याच पोरीच्या लग्नात गायली होती. तू टेबलावर चढून नाचलास."

"ते वेगळं," मिलोराद म्हणाला आणि मेणबत्ती लावायला गेला.

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. ल्युबिन्काचं नाव कुणीतरी घेत होतं. स्पर्धा तीन महिने चालली, आणि तीन महिने मी गप्प बसलो.

गावातली देसांका तिच्या चार वर्षांच्या मिलाला रोज कबरीवर घेऊन यायची. पोरगी बोलत नव्हती, हाक मारली तरी वळायची नाही. डॉक्टरांनी कानाच्या तपासणीसाठी शहरात जायला सांगितलं होतं.

"गेलीस का गं?" मी विचारलं.

"तिथे यंत्रं लावतात, काका. इथे मावशी हात ठेवते." आणि तिनं मिलाचा गाल थंड दगडावर दाबून धरला. पोरगी रडायला लागली.

अंतिम फेरीचं चित्रीकरण ती टीव्हीवर दाखवण्याच्या आठवडाभर आधी बेलग्रेडला होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं. स्पर्धक अजून मंचावर आलेच नव्हते. कानाला यंत्र लावलेला वाहिनीचा एक माणूस पुढे आला.

"चला, आधी रडणं उरकू. तिसऱ्या रांगेतल्या निळ्या कोटाच्या ताई, पुन्हा एकदा, डोळे पुसत. झकास! आता सगळे उभे. टाळ्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हातात बायकोचा फोटो धरा. हात थरथरू द्या."

"माझा हात थरथरत नाही."

"मग नुसतं खाली बघा."

मी उठलो आणि मंचामागे जाऊन नेवेनाला गाठलं. "तू कधी मुकी होतीस गं?"

तिचा चेहरा पडला. "मी तसं म्हटलंच नव्हतं, काका. वर्षभर का गायली नाहीस, असं वाहिनीवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशीचा दुखवटा होता. आपल्याकडे वर्ष होईपर्यंत गात नाहीत ना. त्यांनी लिहिलं, वर्षभर आवाज फुटला नाही. पुढच्या वेळी त्याचंच मुकी झालं."

"आणि गळ्यावरचा हात?"

"तो त्यांनीच घातला. मी करारावर सही करून बसलेय."

परत आल्यावर मी गावाच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं, निळ्या कोटाच्या बाईंचं रडणं आधीच कसं उरकलं ते सांगितलं आणि मिलोरादच्या पोरीच्या लग्नाची चित्रफीत लावली. नेवेना खणखणीत गात होती. मिलोराद टेबलावर होता, देसांका पुढच्याच रांगेत टाळ्या वाजवत होती. खाली तारीख होती, ल्युबिन्का जाण्याच्या वर्षभर आधीची.

"बंद कर रे ते," मिलोराद पुटपुटला.

शनिवारी गुत्त्यात सगळे अंतिम फेरी बघायला बसले. नेवेनानं तोंड उघडायच्या आतच कुणीतरी ओरडलं, "आता निळा कोट!" आणि निळ्या कोटाच्या बाईंनी डोळे पुसले. गुत्ता हसून लोळला.

स्पर्धेच्या पुढच्या हंगामात प्रत्येक गायकाच्या घरात कुणीतरी मेलेलं होतं. आपल्यातलं कुणीतरी वर येतंय, एवढ्यासाठी लोक सुरुवातीला बघत होते. दर आठवड्याला नवं प्रेत बघायचं कुणाला? आमच्याच गावात नव्हे, देशभर लोकांनी वाहिनी बदलली.

त्याआधीच, अंतिम फेरीनंतरच्या आठवड्यात, देसांका मिलाला शहरात घेऊन गेली. सोबत मी होतो. डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "तीन महिने कुठे होतात? या वयात मूल रोज नवे शब्द शिकतं." देसांकानं मिलाला मांडीवर घट्ट धरलं. त्या तीन महिन्यांत माझाही वाटा होता. कानाला ऐकण्याचं यंत्र बसवल्यावर आईनं हाक मारली, आणि मिलानं आयुष्यात पहिल्यांदा मान वळवली.

माझी ल्युबिन्का चांगली बाई होती. तिनं कुणाला बरं केलेलं नाही. तुम्ही स्वतःच्या कानांनी जे ऐकलं, ते टीव्हीचा पडदा खोटं ठरवायला लागला, तर रडण्याआधी आठवून बघा: मी तिथे होतो, मी काय ऐकलं होतं? आणि तुमचं मूल हाकेला वळत नसेल, तर माझ्या बायकोला सुखानं झोपू द्या. डॉक्टरकडे जा, आजच.