पलंगाखालचा नेव्हिल

बायबलातल्या नोहाने तारवात प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घेतली. बार्न्झलीच्या नेव्हिलने कॅरॅव्हानच्या पलंगाखाली प्रत्येक वस्तूचे त्रिकूट कोंबले होते. तीन किटल्या, तीन विजेऱ्या, पाण्याच्या नळीची तीन भेंडोळी. नोहाला देवाने सांगितले होते. नेव्हिलला कुणीही सांगितले नव्हते.

कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, अंगणात उभी होती. मोटारीमागे जोडून उद्या सकाळी निघायचे, बीडनेलच्या समुद्राकाठी पंधरा दिवस राहायचे. मागच्या अंगाला कायमचा पलंग, त्याची फळी उचलली की खाली हा भला मोठा पेटारा. त्या पेटाऱ्यात ग्वेनला फक्त एक पिशवी ठेवायची होती. तिच्यात हवा भरून फुगवायची फळी होती, पाण्यावर उभे राहून वल्हवायची. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गावाबाहेरच्या तलावावर, चार मैत्रिणींच्या संगतीने ग्वेन ती फळी शिकली होती. पडत पडत, हसत हसत. आता तिला समुद्र हवा होता.

"अकरा किलो," नेव्हिल पेटाऱ्यातून म्हणाला. तो आत रांगत होता, नुसती पाठ दिसत होती. "बसत नाही गं. गाडीला वजनाची मर्यादा असते."

"आणि हे बीन्सचे चोवीस डबे? तिकडे दुकानं नाहीत का?"

"आहेत. पण बंद असली तर?"

"चोवीस दिवस?"

"अगं, नीट धर तो पलंग. मान मोडेल माझी."

पलंगाची फळी वर तोलणारे गॅसचे दोन्ही दांडे म्हातारे झाले होते, म्हणून ग्वेन ती खांद्यावर घेऊन उभी होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने पुष्कळ काही असेच खांद्यावर धरले होते. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिले. मग फळी हळूच, अगदी मायेने, खाली टेकवली आणि गादीवर बसली.

"ग्वेन?"

"बोल."

"अंधार झाला."

"होतो कधी कधी."

पेटाऱ्याला बाहेरच्या बाजूने एक छोटे दार होते, आणि त्याची किल्ली ग्वेनच्या खिशात होती. गादीसकट फळी आतून उचलणे नेव्हिलच्या आवाक्यातले नव्हते. ती अंगणात उतरली, दार उघडले. चौकटीत नेव्हिलचा लाल चेहरा आला, पिंजऱ्यातल्या कोंबड्यासारखा.

कुंपणापलीकडे शेजारचा विल्फ गुलाबांना पाणी घालत होता. "काय रे नेव्हिल, यंदा सामानात बसून भाडं वाचवतोयस का?"

"तू तुझी झुडपं बघ!" नेव्हिल ओरडला. मग आवाज खाली आला. "बाये, शेजारी बघतायत. उचल ना पलंग."

"उचलते. आधी खरं सांग. वजन नडतंय, की मी?"

आत कुठेतरी एक डबा गडगडला.

"मला पोहता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे. बाथटबातसुद्धा कड धरून बसतोस."

"हसू नकोस. तिथला वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो. तू वाहवत गेलीस तर मी काय करणार? खुर्चीत बसून शिट्टी वाजवू? चहा थंड होईल आणि तू... ठिपका होशील, ग्वेन."

ग्वेनच्या ओठांवर टोमणा आला होता. तो तिने गिळला. गवतात गुडघे टेकून ती त्या चौकटीपाशी बसली. इतकी वर्षे ती समजत होती, या माणसाला मोह आहे तो वस्तूंचा. खरे तर भीती अडवायलाच तो असा एकेक डबा रचत होता.

"वारा तसा असला तर मी उतरणारच नाही," ती म्हणाली. "शब्द देते. एरवी पाणी कमरेइतकंच, काठाकाठाने. फळीची दोरी पायाला बांधलेली."

"आणि ते तरंगायचं जाकीट?"

"घालीन. त्यात मी भोपळ्यासारखी दिसते, तरी घालीन."

मग चौकटीतून एक हात बाहेर आला, हातात बीन्सचे दोन डबे. मग आणखी दोन. मग एक किटली. मग आईच्या वेळचा लोखंडी तवा. तो मात्र जरा रेंगाळत आला. गवतावर बाजार मांडल्यासारखे झाले.

"दे आता ती पिशवी," तो म्हणाला. "अगदी मागच्या टोकाला नको हं. मागे जड झालं की रस्त्यावर शेपूट हलवते गाडी. चाकांच्या वर ठेवतो."

पिशवी आत गेली. ती सरकू नये म्हणून तो भोवती घोंगड्या खोचत होता, पाळण्यात मूल निजवावे तशा.

"किती लांब होते गं फुगवल्यावर?"

"साडेदहा फूट."

"दोघं मावतात?"

"एक उभा, एक बसलेला. बसणाऱ्याने गप्प बसायचं असतं."

"मग नाही जमायचं." आत खुडबुड थांबली. "तरीपण... माझ्या मापाचं मिळतं का ते जाकीट?"

"पोट किती आहे तुझं आता?"

"मला काय ठाऊक? मोजायला कुठे गेलो?"

त्या चौकटीतून नेव्हिलच्या पोटाचे माप घेणे कुणालाच शक्य नव्हते. ग्वेन गुडघे झटकत उठली आणि पलंग उचलायला आत गेली.