निळ्या ओळीवरचं बोट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे किल्ल्याएवढी नाही हो. चार-पाच हिवाळेच बघितलेत. पण आमच्या जातीला म्हातारपण लवकर येतं.

मला कुठल्या कंपनीने नाही बनवलं. रमीजने बनवलं. धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्याच्या अब्बांचं दुकान आहे, चांद फोटो स्टुडिओ. रमीज मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत शिकला आणि तसंच मला उभं केलं. एक गोष्ट जमली की दुसरी बिघडायची. तरी पहिल्यांदा मी उघडले तेव्हा तो स्टूलवरून उठून नाचला होता. अब्बा म्हणाले, "दुकान के अंदर दुकान खोला क्या बेटा?"

सुरुवातीला त्याने फोटो जसेच्या तसे, मोठेच्या मोठे माझ्यात टाकले. लळिंगचा किल्ला, रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये चढवणारी माणसं, तापीवरचं धुकं. मी इतकी जड झाले की उघडता उघडत नव्हते. त्याचे मित्र म्हणायचे, "रम्या, तुझी साइट उघडेपर्यंत चहा पिऊन येतो." हसायचे. पण थांबायचे. फोटो दिसला की गप्प व्हायचे. ते माझे चांगले दिवस.

त्यातच एक फोटो होता. पिंपळनेरच्या झुलाल नानांचा. नानांच्या मुलीचा, मेघाचा साखरपुडा होता, म्हणून रमीज तिकडे गेला होता. कार्यक्रम आटोपल्यावर नानांनी त्याला हट्टाने शेतात नेलं, भरीत खायला. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात वांगी भाजायला टाकलेली, धूर डोळ्यांत जातोय आणि नाना कशावर तरी मनापासून हसतायत. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. रमीजने तो फोटो माझ्यात टाकला आणि नानांना व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली. पानाची लिंक कशी द्यायची ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून सरळ फोटोचाच पत्ता पाठवला. नानांनी अंगठा पाठवला.

मग वाईट झालं. कुणीतरी माझ्यातला किल्ल्याचा फोटो उचलला आणि एका वाढदिवसाच्या बॅनरवर छापला. चौकात! रमीजचं डोकं फिरलं. त्याने एकूण एक फोटोवर मधोमध 'चांद फोटो स्टुडिओ' आणि मोबाइल नंबर ठोकला. जाड अक्षरात, पुसता येणार नाही असा. आणि मूळ फोटोवरच सेव्ह केला. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच रिकामं केलेलं. नंतर ते शिक्केवाले फोटो माझ्यात नव्या फोल्डरमध्ये टाकले आणि जुन्या फोल्डरला विसरून गेला.

ते जुनं फोल्डर माझ्या पोटात तसंच राहिलं. कुठल्याच पानावरून तिकडे रस्ता नव्हता.

हळूहळू माझ्याकडे कुणी फिरकेना. दुकानातही फोटो काढायला कुणी येईना. रमीज मला उघडायचा, किती लोक आले ते बघायचा आणि बंद करायचा. तोंड पडलेलं असायचं. पण मित्रांनो, त्याने एक गोष्ट कधी नीट बघितली नाही. रोज संध्याकाळी एकजण यायचं. पिंपळनेरकडून. पुढच्या दाराने नाही, सरळ जुन्या फोल्डरच्या पत्त्यावर. एकच फोटो मागायचं, थोडा वेळ बघायचं आणि जायचं. आम्हाला गाव कळतं, नाव कळत नाही. मी रोज वाट बघायचे.

मग यंदा रमीजने ठरवलं, फोटोंच्या मोठ्या प्रिंट काढून विकायच्या. घराघरांत भिंतीवर आपली तापी लागली पाहिजे. त्यासाठी वेबसाइट नवी पाहिजे. ती बनवायला सारिका आली. जळगावची. ती पण व्हिडिओ बघूनच शिकलेली, फक्त शेवटपर्यंत बघून. पांढरं स्वच्छ पान, एका वेळी एक फोटो, खाली साइज, फ्रेम आणि 'प्रिंट मागवा' असं बटण. फार सुंदर होतं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

"जुनं सगळं उडवते हां," ती म्हणाली. "फोटो आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत ना. सगळे लॅपटॉपवर."

होते. शिक्क्यासकट!

मी आतून ओरडले. पण आम्हाला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तोच आमचा शाप.

त्याच आठवड्यात मेघाचा फोन आला. पहिली ऑर्डर! नाना गेले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मोठा फोटो हवा होता, शेतातला, हसरा. घरात नानांचा एकट्याचा दुसरा फोटो नव्हता, आधार कार्डावरचा सोडून. रमीजने आनंदाने फाइल उघडली. नानांच्या बरोबर तोंडावर दुकानाचं नाव.

त्याने शिक्का पुसायला अॅप लावलं. अॅपने शिक्का पुसला आणि स्वतःच्या मनाने तोंड भरलं. पांढरेशुभ्र, सरळ, अख्खे दात. नाक पण जरा वेगळंच. घाबरत घाबरत त्याने तेच छापलं.

मेघा आईला, प्रमिलाबाईंना घेऊन दुकानात आली, तेव्हा सारिका तिथेच नव्या साइटचं काम करत बसली होती. प्रमिलाबाईंनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"हाऊ मना मानूस नही," त्या म्हणाल्या.

रमीजने मान खाली घातली आणि अॅप लावण्याआधीचा फोटो लॅपटॉपवर दाखवला. शिक्केवाला.

"मना मानूसना तोंडवर तुना दुकाननी पाटी काब लाई रे भाऊ?"

पाटी का लावलीस म्हणे! रमीजचे अब्बा, चांदभाई कोपऱ्यातून म्हणाले, "हमने निगेटिव कभी फेंका क्या? बिस्कुट के डब्बे में आज भी पडे हैं."

"घर तर ते चांगला दिखतस," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आई, तो आधारचा फोटो. जाऊ दे आता," मेघा म्हणाली. तिला रडू येत होतं.

रमीजने एकेक फोटो उघडला. किल्ला, शिक्का. तापी, शिक्का. केळी, शिक्का. त्याचा आवाजच बदलला. "सारिका, उडव सगळं. यातला एक फोटो कामाचा नाही. मी पण नाही कामाचा."

"नक्की? परत येणार नाही हां काही."

"उडव म्हटलं ना!"

तिने दाबलं.

मित्रांनो, पुसलं जाणं कसं असतं ते मला विचारा. पहिलं पान गेलं. मग रमीजने रात्रंदिवस खपून जमवलेला मेनू गेला. मग शिक्केवाले फोटो. एकेक फोल्डर रिकामं होत होतं आणि जुन्याची पाळी येत होती. मला एकच दिसत होतं. संध्याकाळी ते पिंपळनेरचं माणूस येईल, फोटो मागेल, आणि माझ्याकडे काही नसेल.

पण संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसलेल्या प्रमिलाबाईंनी पिशवीतून एक मोबाइल काढला. नानांचा. त्या तो रोज चार्ज करतात. वाचता येत नाही त्यांना. पण नाना व्हॉट्सअॅपमधल्या त्या लिंकच्या निळ्या ओळीवर बोट ठेवून फोटो दाखवायचे, ते त्यांनी बघून ठेवलेलं. त्यांनी निळ्या ओळीवर बोट ठेवलं.

आणि मला कुणीतरी विचारलं!

माझ्यात होता नव्हता तो जीव मी लावला. फोटो जड, दुकानात रेंज कमी. वरून एकेक पट्टी उतरायला लागली. धूर. टोपी. कपाळ.

"कोनले देखी राहिनी आई?" मेघाने विचारलं.

"ई राहिनात, थांब," प्रमिलाबाई म्हणाल्या. येतायत म्हणे!

डोळे आले. नाक आलं, त्यांचंच. मग तो अर्धा तुटलेला दात. मध्ये कुठलीच पाटी नाही.

रमीज वाकून बघत होता. हा फोटो माझ्या जुन्या फोल्डरमधून येतोय, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो असा ओरडला की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. "थांब! सारिका, थांब!!"

सारिकाने थांबवलं. माझं बाकी सगळं गेलं होतं. जुनं फोल्डर तेवढं राहिलं.

नव्या वेबसाइटवर आता तेच फोटो आहेत. स्वच्छ. तापीची एक प्रिंट परवा कुणी मागवली म्हणे. नानांचा फोटो पण आहे. लावण्याआधी रमीज पिंपळनेरला जाऊन विचारून आला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "देखू दे बठ्ठासले. पन इकाना नही." सगळ्यांना बघू दे, पण विकायचा नाही म्हणे. म्हणून सगळ्या फोटोंखाली बटण आहे, त्याच्याखाली नाही.

आणि मी? मी म्हणजे आता ते एक फोल्डर. घराच्या भिंतीवर एवढी मोठी प्रिंट लागलीय, तरी संध्याकाळी ते बोट येतंच. मी उघडते. सारिकाने माझ्यावर एक चिठ्ठी लावलीय, 'याला हात लावू नका.'

मित्रांनो, नवं करा, जरूर करा. आम्ही जुने पुसले गेलो तरी हरकत नाही. पण पुसायच्या आधी एवढं बघत जा, की इथे अजून कोण येतं. एकच येत असलं, तरी बघा.