मधे जे उभं आहे ते

"माफी मागायची, पण कशाची ते म्हणायचं नाही. मग मी तिथं नुसती उभी राहून लाजायचं का?"

तोंडात पिन धरून बारकी आरशाशी पुटपुटत होती. आरसा बेसिनवरचा, त्यामुळे दात घासायला आलेल्या आत्याला पिनेसकट सगळं ऐकू आलं.

"मान खाली घालायची, 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' म्हणायचं आणि घरी यायचं," आत्यानं तिच्या तोंडातली पिन काढून केसांत खोचली. "परीक्षा तोंडावर आलीय. आता तोंड आवर."

"पण आत्या, खांब—"

"घरातसुद्धा नको. सवय लागते."

आत्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायची. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, एवढ्या एका वाक्यावर तिनं सगळी नोकरी काढली होती. भावानं विश्वासानं लेक तिच्याकडे शिकायला ठेवली, आणि लेकीनं शेवटच्या वर्षाला येऊन थेट देवमाशाशीच वैर घेतलं.

झालं होतं ते असं. विद्यापीठाच्या नव्या सभागृहाचं छत उद्घाटनाच्या तोंडावरच पोट सुटल्यासारखं खाली आलं. कंत्राटदारानं घाईघाईनं त्याला खालून एक खांब दिला. दिला तो नेमका मंचासमोर, पहिल्या रांगेच्या नाकावर. दोघांनी कवेत घ्यायला गेलं तरी बोटाला बोट लागणार नाही, एवढा जाड. रांगेत मधोमध कुलगुरूंची मानाची खुर्ची होती, ती जमिनीला आधीच ठोकलेली. उद्घाटनाला कुलगुरू त्या खुर्चीत बसले आणि सबंध कार्यक्रमभर खांबाकडे बघून टाळ्या वाजवत राहिले. कोणी काही बोललं नाही. पहिल्या दिवशी जे बोललं नाही, ते दुसऱ्या दिवशी बोलायचं तर 'काल का गप्प होतात' याचं उत्तर द्यावं लागतं. ते कोणाकडेच नव्हतं. पुढे विद्यापीठानं काय बोलावं, काय बोलू नये याची नियमावली काढली, तेव्हा 'वास्तूविषयी उणेपणा दाखवणारे उद्गार' असं एक कलमच तीत आलं. खाली सही कुलगुरूंची. म्हणजे आता बोलायची चोरी त्यांनाही.

विद्यार्थ्यांच्या बोलण्याच्या हक्काची सोय मात्र केलेली होती. सायकलस्टँडच्या मागे जनरेटरला लागून एक पिवळा चौकोन रंगवला होता. त्यात उभं राहून वाट्टेल ते बोलायला मुभा होती. जनरेटर चालू असेल तेव्हा.

बारकीनं घात केला तो वक्तृत्व स्पर्धेत. विषय होता 'विद्यार्थी आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य'. तिनं आदरणीय कुलगुरूंना नमस्कार करायला हात जोडले, डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं आणि साळसूदपणे म्हणाली, "सर, तुम्ही दिसत नाही. मधे खांब येतो." मागे कोणीतरी हसलं. हसणाऱ्याचा शोध अजून चालू होता.

शिस्त समितीपुढे पालक म्हणून आत्यालाही दाराजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. पंचाईत अशी झाली, की ते वाक्य तिथं उच्चारलं तर समितीच कलमाखाली येणार.

"मुलगी 'ते' म्हणाली, हे सर्वांना मान्य आहे?" तर्कशास्त्राच्या सरांनी विचारलं.

"ते म्हणजे कोणतं?" कुलसचिव म्हणाले.

"जे आहे ते."

"आहे, असं समितीला म्हणता येणार नाही."

"मग ती नसलेल्या गोष्टीबद्दल बोलली."

"मग खोटं बोलणं पण लावा," कुलसचिव म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा चहा घेतला.

शेवटी ठरलं, की बारकीनं त्याच मंचावर, खुणेच्या जागी उभं राहून, कुलगुरूंनी बोल म्हटल्यावर मंजूर वाक्य म्हणायचं. त्याखेरीज एक अक्षरही काढायचं नाही. आली नाही तर विद्यापीठातून नाव कमी, म्हणजे परीक्षाही गेली.

ती आली. सभागृह भरलं होतं. आत्या कडेच्या खुर्चीवर बसली. तिथून मंचही दिसायचा आणि कुलगुरूही. एवढ्या कार्यक्रमांत ही जागा तिनं हेरून ठेवली होती. बारकी खुणेवर उभी होती, हात पुढे घट्ट धरून.

"मुलगी कुठे आहे?" कुलगुरूंनी विचारलं.

"आहे ना, सर," कुलसचिव म्हणाले.

"कुठे?"

"समोरच."

"समोर तर..." कुलगुरूंनी समोर पाहिलं आणि ओठ मिटले. "समोर मला कोणी दिसत नाही."

"दिसण्याच्या दृष्टीनं नाही, सर," तर्कशास्त्राचे सर मदतीला आले, "पण असण्याच्या दृष्टीनं आहे."

"तिला जरा बाजूला व्हायला सांगा."

"कशाच्या बाजूला, सर?"

मग कुलगुरू स्वतःच किंचित डावीकडे कलले. शिष्टाचार म्हणून त्यांच्याबरोबर अख्खी रांग कलली. एवढी माणसं एकदम कललेली बघून बारकी बिचकली आणि दुसऱ्या बाजूला सरकली. खांब दोघांच्या मधे होता तसाच राहिला.

कुलगुरू सरळ झाले. माणूस वाईट नव्हता, पण थकला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "मुलगी आलेली नाही. गैरहजर म्हणून नाव कमी करा."

कुलसचिवांनी पेनाचं टोपण काढलं. बारकीनं तोंड उघडलं, तसं त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. मंजूर वाक्याखेरीज काही नाही, आणि मंजूर वाक्यही बोल म्हटल्यावर. तोंड मिटून तिनं आत्याकडे बघितलं. लहानपणी जिन्याच्या गजांत डोकं अडकलं होतं तेव्हा बघितलं होतं, तसंच. तेव्हाही आत्या येईपर्यंत रडली नव्हती.

आत्याच्या मनात खिडकी आली, पेन्शन आली, भाऊ आला. गुडघे मात्र कोणाला न विचारताच उभे राहिले.

"सर."

सगळ्या माना वळल्या.

"आपण?"

"मुलीची आत्या. ग्रंथालयात असते."

"मुलगीच आली नाही, बाई. त्याला आम्ही काय करणार?"

"आलीय सर. तिच्या केसांतली पिन मी माझ्या हातानं खोचलीय." शेजारचे गृहस्थ आपली खुर्ची हळूच लांब सरकवत होते. "ती आल्यापासून तुमच्या समोरच उभी आहे. तुमच्या आणि तिच्या मधे खांब आहे."